चतकोर विमान

काही वस्तू माणसाने एकट्याने घ्याव्यात आणि काही भागीदारीत, असा जगाचा व्यवहार आहे. दाढीचं ब्लेड, चष्मा आणि दातांची कवळी या एकट्याने घ्यायच्या वस्तू. कलिंगड, वर्तमानपत्र आणि गणपतीचा मांडव या भागीदारीतल्या. विमान यांपैकी कोणत्या यादीत घालायचं, हा प्रश्न पगारदार मराठी माणसाला सहसा पडत नाही. मला पडला. १९८१ साली मी एका विमानाचा चौथा हिस्सा विकत घेतला.

त्याचं असं झालं. मी तेव्हा सोलापुरात बँकेत होतो. त्याआधी, विशीत असताना, एका फ्लाइंग क्लबात सवलतीच्या दरात मी विमान चालवायला शिकलो होतो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि वैमानिकाचा परवाना लग्नातल्या कोटाबरोबर ट्रंकेत गेला. दोन्ही वस्तू मी वर्षातून एकदा ऊन दाखवायला बाहेर काढत असे. कोट घट्ट होत चालला होता आणि परवाना जिवंत ठेवायचा तर वर्षाकाठी काही तास उडावं लागे. अशात एका डोळ्यांच्या डॉक्टरांची ओळख झाली. त्यांनाही हाच आजार होता. दोन आजारी माणसं एकत्र आली की रोग बळावतो. त्याच सुमारास एका क्लबाने आपलं जुनं पुष्पक विमान विकायला काढल्याचं कळलं.

आम्ही दोघे उडणारे होतो खरे; पण उडायला लागणारा पैसा जमिनीवर राहणाऱ्यांकडेच असतो. म्हणून एक चादरींचे कारखानदार आणि एक आडते असे दोन न उडणारे भागीदार घेतले. किंमत एका जुन्या अँबॅसडरच्या आसपास होती.

"अँबॅसडर घेतली असती तर निदान चौघं एकदम बसलो असतो," असं आडत्यांनी सौदा झाल्यावर सांगितलं.

ही बातमी सांगायला मी गावी गेलो. माझं गाव खर्डा. खर्डा म्हटलं की कुणाला भाकरीवरचा मिरचीचा खर्डा आठवतो, कचेरीतल्या माणसाला पत्राचा कच्चा खर्डा आठवतो. पण खर्डा हे जामखेड तालुक्यातलं गावही आहे. जिल्हा तेव्हाचा नगर, आताचा अहिल्यानगर. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यातलं. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजाम आणि मराठे यांची लढाई झाली. निजामाने निंबाळकरांच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि दोन दिवसांत मुकाट्याने तह केला. सगळे मोठे मराठे सरदार एका बाजूने लढले अशी ती शेवटची लढाई. त्यानंतर खर्ड्यात कुणी एका बाजूने लढल्याचं ऐकिवात नाही. आमच्या घरात तर नाहीच.

आमचे वडील अण्णा हे गावात गुरुजी होते. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका शेती करायचे. आजोबांनी जमिनीचे दोन सारखे तुकडे केले आणि मधे बांध घातला. बांध म्हणजे खरं तर दीड-दोन हात रुंदीची मातीची वरंबी. तिच्यावर धड झोपतासुद्धा येत नाही. पण तिच्यावरून दोन सख्ख्या भावांची झोप उडू शकते. बापू दर पावसाळ्यात बांध कोरतो आणि एकेक तास आपल्या बाजूला ओढतो, असं अण्णांचं म्हणणं. १९७३ साली प्रकरण कोर्टात गेलं. गावाने त्याचं नाव ठेवलं, खर्ड्याची दुसरी लढाई. पहिली दोन-तीन दिवसांत आटपली होती. दुसरी अकरा वर्षं चालू राहिली. या काळात दोन्ही घरांचं बोलणं बंद. दोघांच्या विहिरीवरची मोट गेली, इंजिन आलं, पण विहीर सामाईक होती, म्हणून पाण्याच्या पाळ्यासुद्धा तिसऱ्या माणसाच्या तोंडून ठरत. अण्णा काकांचा उल्लेख 'निजाम' असा करीत. इतिहासाचे शिक्षक होते ते.

मी विमानाची बातमी सांगितली तेव्हा अण्णा अंगणात भाकरी खात बसले होते.

"चौथा हिस्सा? म्हणजे चतकोर?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"हो."

"त्या पैशात दीड एकर कोरडवाहू आली असती." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक घास घेतला आणि विचारलं, "तुझा चतकोर कोणत्या बाजूचा?"

तेव्हापासून आमच्या घरात त्या विमानाला चतकोर विमान हेच नाव पडलं.

रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहायची, अशी समजूत आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या पुष्पकात दोन माणसं शेजारी शेजारी बसली की जेवणाच्या डब्यालाही जागा शोधावी लागे. हे विमान पहिल्यांदा उडालं १९५८ च्या सप्टेंबरात. तोंडवळा एरॉन्का चीफ या अमेरिकन विमानाचा, पण बांधणी आपली. आणि ती करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगेनला थोर शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आला आणि त्याने इथे विमानं घडवली. एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान त्यांचंच. अशी दीडशेच्या वर पुष्पकं बांधली गेली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांतून एक अख्खी पिढी त्यांच्यावर पडत-धडपडत शिकली. आमचं पुष्पक त्या पिढीच्या सगळ्या खुणा अंगावर घेऊन आमच्याकडे आलं.

आडत्यांनी पहिल्या दिवशी त्याचं वजन विचारलं. रिकामं विमान चार क्विंटलच्या आसपास. माणसं, पेट्रोल वगैरे धरून सव्वासहाच्या आत. "म्हणजे चार पोती ज्वारी," ते निराशेने म्हणाले. इंजिन नव्वद अश्वशक्तीचं. वारा पडलेला असला तर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जाई. वारा समोरून असला की खालची एस.टी. पुढे निघे आणि मागच्या खिडकीतली माणसं आमच्याकडे दयेने बघत आहेत असा भास होई.

अंग म्हणाल तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर डोप नावाचं रोगण. या रोगणाला नखांच्या रंगासारखा वास येतो. तो माणसाला आवडत नाही, पण जनावरांना आवडतो, हे ज्ञान आम्हांला होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर एका शेळीने दिलं. एका दुपारी तिने शेपटाकडचं हातभर कापड खाल्लं. विमानाच्या इंजिनिअरने नवं ठिगळ बसवून बिल दिलं. मी ते चौघांत वाटायला काढलं, तेव्हा कारखानदार म्हणाले, "पण शेपूट तर तुमच्या हिश्श्याचं ना?" पंख त्यांचे दोघांचे, इंजिन डॉक्टरांचं आणि शेपूट माझं, अशी वाटणी म्हणे चहा पिताना माझ्यादेखत झाली होती. मला ती थट्टा वाटली होती. मालकीच्या बाबतीत थट्टा नसते, हे आमच्या घरात वाढूनही मला कळलं नव्हतं. चार जणांत विमान आलं की त्यातही बांध येतोच.

आमच्या विमानाला स्टार्टर नव्हता. पंखा हाताने फिरवून चालू करायचा. एकाने आत बसून ब्रेक दाबायचे, दुसऱ्याने पंख्यापुढे उभं राहायचं. बाहेरच्याने ओरडायचं "स्विच ऑफ!", आतल्याने तेच पुन्हा ओरडायचं. मग "काँटॅक्ट!" आणि पंख्याला जोराचा हिसका देऊन बाहेरच्याने झटकन मागे सरायचं. मागे सरण्यात आळस केला तर पुढच्या वेळी ओरडायला तो नसे. थंडीच्या दिवसांत वीस-वीस हिसके देऊनही इंजिन नुसतं खोकायचं. आमच्या घरातला छताचा पंखा तीन महिने बंद होता आणि मी दर रविवारी आठ किलोमीटर जाऊन दुसराच पंखा फिरवतो, ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली.

शिवाय कागद. उडण्यालायकीचा दाखला, इंजिनाची वही, विमानाची वही, माझी वही, विमा, तपासण्या. पेट्रोलसुद्धा साधं चालत नसे. विमानाचं खास पेट्रोल पिंपातून आणावं लागे. एक तास उडण्यासाठी चार तास लिहावं लागे. मी खर्ड्याचा असल्यामुळे खर्डेघाशी माझ्याकडे आली. त्यात बँकेतला अनुभव कामी आला. विमानात बँकेचा अनुभव कामी येणं ही फारशी चांगली गोष्ट नव्हे, पण ते असो.

अशी तीन वर्षं गेली. १९८३ च्या नोव्हेंबरात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात आले. ऑपरेशन आमच्या भागीदार डॉक्टरांनीच केलं. जानेवारीत नवा जाड चष्मा मिळाला आणि अण्णांना बऱ्याच वर्षांनी जग स्पष्ट दिसू लागलं. दोन दिवस ते घरातल्या कॅलेंडरच्या मागचा मजकूरही वाचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं,

"तुझं ते चतकोर खर्ड्यापर्यंत जातं का रे?"

"जातं की. बार्शीवरनं सरळ. तासाभराचं काम."

"उतरतं?"

"तिथे उतरायला जागा नाही. वरून बघून परत यायचं."

"मला उतरायचं नाहीच. बघायचंच आहे."

संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्यांकडून क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला, तेव्हा बेत माझ्या लक्षात आला. वरून बांधाचा फोटो घ्यायचा आणि कोर्टात लावायचा. "न्यायाधीश खाली बसून निकाल देतात, म्हणून अकरा वर्षं लागली," अण्णा म्हणाले.

"अण्णा, विमानातून फोटो काढायला सरकारची परवानगी लागते. आपल्याकडे ती नाही."

"डोळ्यांनी बघायला लागते?"

"नाही."

"मग झालं. नवा चष्मा आहे. साक्ष मीच देईन."

८ जानेवारी १९८४, रविवार. आईने दोघांच्या हातावर दही ठेवलं. डॉक्टरांनी अकराव्या हिसक्याला इंजिन चालू केलं. अण्णा कानटोपी घालून माझ्या उजव्या बाजूला बसले आणि धावपट्टीवर चाकं फिरू लागताच त्यांनी रामरक्षा सुरू केली. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला आवाज तो. इंजिनाच्या वर ऐकू येत होता. बार्शी येईपर्यंत ती संपली. खाली बार्शी लाइटची गाडी काड्यापेट्या एकामागे एक ठेवाव्यात तशी चालली होती. ती आमच्या मागे पडलेली बघून अण्णांना प्रथमच विमानाबद्दल आदर वाटला.

पुढे बालाघाटचे डोंगर आले, हवा थोडी हलली, आणि मग खर्डा दिसला. किल्ला पाटासारखा चौकोनी, शेजारी घरांची दाटी. अण्णा एकदम फुलले. इथून परशुरामभाऊ पटवर्धन, तिथे निजामाची छावणी, असं त्यांनी हातवारे करून सांगायला सुरुवात केली. आयुष्यभर फळ्यावर काढलेला नकाशा त्यांना पहिल्यांदा खरा दिसत होता. डोळे भरून आल्यामुळे त्यांनी चष्मा पुसला. नवाच होता, जपून पुसला.

"आता शेत," ते म्हणाले.

आमचं शेत शोधायला वेळ लागला नाही. शाळू हुरड्यावर आला होता. दाव्यात एक वाक्य असं होतं की जे वादी आणि प्रतिवादी दोघांनाही कबूल होतं: बांध विहिरीपासून ओढ्याकाठच्या चिंचेपर्यंत सरळ जातो. मी उजवीकडे वळण घेतलं. पुष्पकाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. विहीर दिसली. चिंच दिसली. मधे बांध दिसला.

बांध सरळ नव्हता. मध्यावर त्याचं पोट सुटलं होतं, खुराक बंद न केलेल्या निवृत्त पैलवानासारखं. आणि ते पोट बापूकाकांच्या बाजूला सुटलं होतं.

मी काही बोललो नाही. अण्णाही बोलले नाहीत. त्यांनी बोटाने गोल खूण केली. मी आणखी एक फेरा घेतला. पोट तिथेच होतं. आमचा एक जुना सालगडी होता, फार इमानी. अण्णा शाळेत मुलांना प्रामाणिकपणावर निबंध सांगत असत, तेव्हा तो इकडे नांगर धरून मालकाचं मीठ खाल्ल्याला जागत असणार. दर वर्षी एकच तास, पण काकांच्या बाजूला. बांधावरून चालणाऱ्याला हे दिसत नाही. जमिनीवरून प्रत्येकाला शेजारचाच आत आलेला वाटतो.

तिसऱ्या फेऱ्याला शेतातल्या माळ्यावर एक माणूस दिसला. पाखरं हाकायला उभा होता, हातात गोफण. बापूकाका! त्यांनी मान वर केली आणि गोफण उचलली.

"बघितलंस? धोंडा मारतोय निजाम!" अण्णा उसळून म्हणाले.

पण काकांनी गोफण खाली टाकली, डोक्याचा पटका सोडला आणि तो दोन्ही हातांनी हलवू लागले. वर कोण आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. खेड्यात विमान खाली आलं की माणूस हात हलवतो, तसे ते हलवत होते. लहान पोरासारखे माळ्यावर उड्या मारत होते. अण्णांचा हात आपोआप वर गेला. मग त्यांना दावा आठवला असावा. त्यांनी तो हात कानटोपीकडे नेला आणि कानटोपी सारखी केली. ती सारखीच होती.

"चल," ते म्हणाले.

बार्शीपर्यंत शांतता. बार्शी गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं विमान वाकडं उडत होतं का रे?"

"वळताना वाकडं करावंच लागतं, अण्णा."

"मग तेच. तेच असणार."

सोलापूरला मी विमान उतरवलं. ते तीनदा उसळलं. एरवी अण्णांनी 'तीनदा उतरलास, मोजायचं एकदाच का?' असं काही तरी विचारलं असतं. आज विचारलं नाही. संध्याकाळी ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले आणि चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घेतला.

"नंबर बरोबर आहे, गुरुजी."

"नीट बघा. लांबचं वाकडं दिसतंय."

"शेवटची ओळ वाचलीत तुम्ही. डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." डॉक्टरांना बिचाऱ्यांना वाटलं, गुरुजी आपल्या हातगुणावर शंका घेताहेत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णा एस.टी.ने गावी गेले. आठवड्याने पोस्टकार्ड आलं. "संक्रांतीस बापूकडे जाऊन आलो. तिळगूळ दिला. दोघांच्या सहीने मोजणीचा अर्ज केला आहे. खर्च निम्मा निम्मा. शाळू बरा आहे. चष्मा ठीक." अकरा वर्षांचा खटला सहा वाक्यांत आटपला होता. मोजणी झाली. अडीच गुंठे आमच्याकडून काकांकडे गेले आणि बांध विहिरीपासून चिंचेपर्यंत सरळ झाला.

चूक झाली असं अण्णा शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. विषय निघाला की, "विमान वाकडं उडत होतं, मोजणीवाल्याने सरळ केलं," असं सांगत. गावात मात्र वेगळाच इतिहास रूढ झाला. गुरुजींनी विमान आणून बापूला असं घाबरवलं की तो मुकाट तहाला आला, असं पारावर सांगितलं जाई. त्यात अडीच गुंठे कुणी कुणाला दिले हा तपशील गाळलेला असे. अण्णांनी आयुष्यभर मुलांना खरा इतिहास शिकवला, पण हा एक कधी दुरुस्त केला नाही. काकांनीही केला नाही. आणि त्यांना तर सगळं ठाऊक होतं. कारण तिळगूळ देताना अण्णांनी त्यांना काही तरी सांगितलं होतं. काय, ते दोघांपैकी कुणी मला कधी सांगितलं नाही. काका एवढंच म्हणायचे, "विमान डोक्यावर घिरट्या घालायला लागलं, आणि नंतर कळलं की आत अण्णा होता. म्हटलं, जमिनीवरनं पोट भरलं नाही, आता हा वरून नांगरतोय की काय!"

विमान आम्ही १९८६ मध्ये विकलं. पेट्रोल महाग झालं, कापड सगळं नव्याने घालायची वेळ आली, आणि माझा कोट आता खांद्यात शिरत नव्हता. माझ्या वाट्याला आलेल्या पैशातून मी ठिगळाचे, पिंपांचे आणि दाखल्यांचे पैसे वजा केले. त्यातून अडीच गुंठ्यांची किंमत वजा केली. उरलं त्यात छताचा पंखा दुरुस्त झाला.

अण्णा गेले, काकाही गेले. २०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्यावर चौऱ्याहत्तर मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा राहिला. तो बघून लोकांना इतिहास आठवतो. मला वाटतं, हा तेव्हा असता तर वारा कुठून आहे ते बार्शीपासूनच कळलं असतं.

अजून दर जानेवारीत मी हुरड्याला गावी जातो. चुलतभाऊ आणि मी बांधावर बसतो, तो त्याच्या बाजूला पाय सोडून आणि मी माझ्या. वहिनी भाकरी आणि खर्डा घेऊन येतात. पोट भरल्यावरही त्या पानात आणखी चतकोर टाकतात. मी नको म्हणत नाही. चतकोराने कुणाचं नुकसान झाल्याचं माझ्या तरी माहितीत नाही. अडीच गुंठे सोडले तर.